आत्मा नसेल, तर कर्माचे फळ कोणाला?

प्रश्नकर्ता, कोथरूड:
सारनाथला आपल्या पहिल्या पाच शिष्यांना, म्हणजे पंचवर्गीय भिक्खूंना, बुद्धांनी अनात्मवाद (कायमचा आत्मा नाही, हा विचार) सांगितला; पण आत्माच नसेल, तर कर्माचे फळ भोगतो कोण? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर, सदाशिव पेठ:
रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाच्या प्रवृत्ती) आणि विज्ञान (जाणीव) या पाचही स्कंधांवर, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो त्या घटकांवर, आपला हुकूम चालत नाही, म्हणून त्यांपैकी कशालाही ‘मी’ म्हणता येत नाही, असा तो युक्तिवाद आहे. फळ मात्र चुकत नाही: भिक्खू नागसेनांनी ग्रीक वंशाच्या मिलिंद राजाला सांगितल्याप्रमाणे, रात्रभर तेवणारी ज्योत पहिल्या आणि शेवटच्या प्रहरी तीच नसते, वेगळीही नसते; कर्म करणारा आणि फळ भोगणारा यांचेही तसेच.

उत्तर, येरवडा:
कर्वे रस्त्यावर कोणी गाडी आडवी घातली की उसळणारा संताप नीट पाहावा. कानशिले तापतात, जुना राग आठवतो. त्यांचा मालक मात्र सापडत नाही.

प्रश्नकर्ता:
म्हणजे सातत्य आहे, मालक नाही?

उत्तर, सदाशिव पेठ:
होय; आणि उच्छेदवादही, म्हणजे मृत्यूबरोबर सारेच संपते हे मतही, बुद्धांनी तितक्याच ठामपणे नाकारला आहे.