मदत हवी आहे : पर्मियन महाविलोपनानंतर जीवसृष्टी 'सावरली' हे नेमकं कशावरून ठरवतात?

सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या पर्मियन महाविलोपनानंतरच्या (पृथ्वीवरच्या बहुतांश प्रजाती नष्ट झाल्या, त्या घटनेनंतरच्या) काळाचा एक तक्ता करतोय आणि एकाच प्रश्नावर अडलोय. विलोपन का झालं (सैबेरियातला ज्वालामुखी उद्रेक, तापलेले आणि प्राणवायू कमी झालेले समुद्र) ते वाचून झालंय, त्यावर मदत नको.

अडचण अशी, की प्रत्येक पुरावा वेगळी वेळ सांगतो. अमोनॉइड (कवच असलेले, आता नामशेष झालेले समुद्री प्राणी) १०-२० लाख वर्षांत पुन्हा भरभराटीला आले. चीनमधल्या ग्वेइयांगजवळचे जीवाश्म तर साधारण १० लाख वर्षांतच मासे, कोळंबीसारखे प्राणी असलेली बऱ्यापैकी गुंतागुंतीची परिसंस्था दाखवतात. हे वाचून मी अक्षरशः हरखून गेलो होतो! पण जमिनीवर जवळपास १ कोटी वर्षं कोळशाचे थरच नाहीत, म्हणजे दलदलीतली दाट जंगलं परतलीच नव्हती. प्रवाळभित्तींनाही खूप वेळ लागला.

आधी नुसती प्रजातींची संख्या मोजून पाहिली. पण सुरुवातीच्या ट्रायासिकमध्ये (विलोपनानंतर लगेच सुरू झालेल्या कालखंडात) काही ठिकाणी जमिनीवरच्या जीवाश्मांत बहुतांश लिस्ट्रोसॉरस हा एकच वनस्पतिभक्षी प्राणी सापडतो. एकाच प्राण्याचे कळप माजले म्हणून परिसंस्था सावरली, असं म्हणणं मला पटत नाही.

पैसे भरून वाचावे लागणारे शोधनिबंध मला मिळत नाहीत, मोफत वाचता येणारं काही असेल तर सुचवा. आणि मुख्य प्रश्न : तक्त्यात 'सावरली' ही रेघ प्रजातींच्या संख्येवरून मारावी, अन्नसाखळीतले सगळे स्तर परत दिसल्यावर मारावी, की समुद्र आणि जमीन यांच्या दोन वेगळ्या रेघा दाखवणंच बरोबर?