आउटरीचचं काम गळ्यात पडलंय, वर्षात १०,००० मुलं 'कव्हर' करायचीत, सुरुवात कुठून करू?

नवी_समन्वयक:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसतं वाचत आलेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी विद्यापीठात फिजिक्स शिकवते. गेल्या महिन्यात आउटरीच विभाग (विद्यापीठातलं विज्ञान बाहेर शाळांपर्यंत, लोकांपर्यंत न्यायचं काम) माझ्याकडे आला, म्हणजे खरं सांगायचं तर मीटिंगमध्ये विषय निघाल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि मी एकटीच वर बघत होते. टीम म्हणजे मी धरून तीन माणसं, त्यातलं एक अर्धवेळ.

वरून दोन टार्गेट आलीत. वर्षभरात शाळांमधल्या १०,००० मुलांपर्यंत स्टेम (म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) पोचवायचं, आणि इंडस्ट्रीला लागणारं मनुष्यबळ तयार करायला शॉर्ट कोर्स काढायचे. आधीच्या सरांची फाइल वाचली. फोटो भरपूर, हजेरीपत्रकं व्यवस्थित, फीडबॅक फॉर्मवर जवळपास प्रत्येकाने 'खूप आवडलं' लिहिलेलं. पण त्या मुलांचं पुढे काय झालं, कोणी सायन्सला गेलं का, कोणाला लॅबमध्ये काम मिळालं का, याबद्दल अख्ख्या फाइलमध्ये एक ओळ नाही. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

हेच पुढे रेटायचं नाहीये मला, पण १०,००० चा आकडाही टाळता येणार नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, परत पहिल्यापासून सुरू केलंत तर काय वेगळं कराल? आणि शाळा आणि नोकऱ्या ही दोन कामं एकाच विभागाने करायची असतात का मुळात?

जुना_गाडीवाला:
मॅडम, तुमची फाइल न बघताच ओळखली, तसल्या नऊ फायली मीच भरल्यात. नऊ वर्षं विज्ञानगाडी घेऊन फिरलो. लिक्विड नायट्रोजनमध्ये फुगा बुडवायचा, तो आक्रसला की पोरं ओरडायची, बाहेर काढला की परत फुगायचा, पोरं परत ओरडायची, तास संपला, सह्या घेतल्या, चला पुढची शाळा.

एकदा फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला एक मुलगी भेटली, तिच्या शाळेत मी गेलो होतो. मी आपलं कॉलर ताठ करून विचारलं, गाडी आठवते का? म्हणाली हो सर, फुगा आठवतो. मग त्यामुळे सायन्सला आलीस का? तर म्हणे नाही सर, माझी मावशी रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन बसायचे. संपलं. अख्ख्या गाडीवर एक मावशी भारी पडली.

नंतर कळलं की हे माझ्याच बाबतीत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००९ मध्ये अ‍ॅस्पायर्स नावाचा अभ्यास सुरू केला, १० ते १४ वयाच्या मुलांचा. त्यात बहुतेक मुलं म्हणाली विज्ञान इंटरेस्टिंग आहे, पण शास्त्रज्ञ व्हायचंय म्हणणारी जेमतेम १५ टक्के. म्हणजे आपण आवड लावायला जीव तोडतो, ती बऱ्यापैकी आधीच असते. कमी काय असतं तर घरात, ओळखीत त्या क्षेत्रातलं कोणीतरी असणं, आणि हे आपल्यासारख्याचं काम आहे असं वाटणं. ते लोक याला सायन्स कॅपिटल म्हणतात, मी मावशी म्हणतो.

आकड्याचं म्हणाल तर एक युक्ती सांगतो. मुलं मोजू नका, विद्यार्थी-तास मोजा. १०,००० मुलांना एकेक तास म्हणजे १०,००० तास. ४०० मुलांना पंचवीस-पंचवीस तास दिलेत तरी तेवढेच. वरच्यांना १०,००० दिसले की झालं, आणि तुमच्याकडे ४०० नावं राहतात ज्यांना पुढच्या वर्षी फोन करून विचारता येतं. (मला हे आठव्या वर्षी सुचलं, हसू नका.)

फळा_आणि_खडू:
शाळेच्या बाजूने बोलते, आठवी-नववीला विज्ञान शिकवते. गाडीवाले दादा, तुम्ही कबूल केलंत ते बरं वाटलं, आता आमच्याकडे काय होतं तेही ऐका. फोन येतो, परवा येतोय, हॉल द्या, दोनशे मुलं बसवा. चाचणी परीक्षा तोंडावर असते. तुम्ही तासभर स्टार असता आणि दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर घनता शिकवायला लागले की पोरं विचारतात टीचर तुम्ही तसलं का नाही दाखवत. कसं दाखवू, नायट्रोजन तर तुमच्याबरोबर गेला.

मला एक खोका हवाय. त्यात सेन्सर, वायरी, सेल, आणि प्रत्येकाचे दोन जास्तीचे, कारण तिसऱ्या वापरात काहीतरी तुटतंच. बिघडलं की फोन करायला एक माणूस, आणि तो फोन उचलणारा पाहिजे. खोका द्यायच्या आधी आम्हा शिक्षकांना दोन दिवस तुमच्या लॅबमध्ये बोलवा, कामाच्या दिवशी, मानधन देऊन. रविवारी फुकट नाही. एक शिक्षक तयार झाला की दरवर्षी नवी शे-दीडशे मुलं त्याच्या हाताखालून जातात, तो हिशेब तुमच्या १०,००० मध्ये धरा की.

अजून एक, गटात काम दिलं की सोल्डरिंगचं मशीन मुलगा उचलतो आणि मुलगी सुंदर अक्षरात निरीक्षणं लिहिते, कोणी न सांगता. मी आता दर दहा मिनिटांनी कामं बदलायला लावते. शास्त्रज्ञाचं चित्र काढा म्हणून जी चाचणी आहे ती पहिल्याच दिवशी घेऊन बघा. डेव्हिड चेंबर्सने १९८३ मध्ये छापलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांच्या चित्रांत फक्त २८ बायका होत्या, आणि त्या २८ च्या २८ मुलींनीच काढलेल्या. आता बरंच सुधारलंय म्हणतात, माझ्या वर्गात मात्र अजून चष्मा, पिंजारलेले केस आणि टेस्टट्यूबमधून धूर. म्हणून तुमच्याकडून कोणी पाठवायचंच असेल तर लॅब टेक्निशियन मुलगी पाठवा, प्रोफेसर नको.

वर्कशॉपवाला:
शाळेचं वरच्यांनी सांगितलंच, मी शॉर्ट कोर्सबद्दल बोलतो, कारण पैसा खरा तिथे वाया जातो. नेहमी काय होतं, प्रोफेसरला जे शिकवायला आवडतं त्याचा कोर्स निघतो आणि त्याला इंडस्ट्री रेडी नाव देतात. किंवा मग कंपन्यांच्या एचआरला बोलावून विचारतात काय हवंय, ते सांगतात कम्युनिकेशन, टीमवर्क आणि आता एआय. यातून अभ्यासक्रम कसा काढणार, कप्पाळ?

डॅकम (डेव्हलपिंग अ करिक्युलम) म्हणून अभ्यासक्रम ठरवायची एक पद्धत आहे, १९६० च्या दशकात कॅनडात निघाली, नंतर अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीने बरीच वाढवली. यात मॅनेजर नाही, ते काम रोज हाताने करणारी चांगली माणसं बसवायची, पाच ते बारा, साधारण दोन दिवस. विचारायचं, ड्यूटीवर आल्यावर पहिलं काय करता? मग काय? एकेक काम एकेका चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावत जायचं. आधीच्या शिफ्टचं लॉगबुक वाचतो, अलार्म का वाजला होता ते बघतो, प्रेशर गेज कॅलिब्रेट करतो, वाचन चुकीचं वाटलं तर सेन्सर खराब की प्रोसेस खराब ते ठरवतो. दोन दिवसांनी भिंतीवर अख्खी नोकरी चिकटलेली असते. मी एकदा अशा खोलीत होतो तर शेवटी निघालं की सगळ्यात अवघड काम म्हणजे पुढच्या शिफ्टला नीट लिहून देणं. आमच्या कोर्समध्ये त्याला शून्य तास होते.

दुसरं, टेक्निशियन विद्यापीठात तयार होत नाहीत हे मान्य करा, नसेल आवडत तरी. अमेरिकेने १९९२ मध्ये टेक्निशियन शिक्षणासाठी कायदा केला, त्यातून नॅशनल सायन्स फाउंडेशनचा एटीई (अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजिकल एज्युकेशन) कार्यक्रम आला, आणि त्यात पुढाकार दोन वर्षांच्या कॉलेजांना दिला, मोठ्या विद्यापीठांना नाही. तुम्हीही जवळच्या तंत्रशिक्षण संस्थेला बरोबरीने घ्या, पाहुणे म्हणून नको. आणि तुमच्या शॉर्ट कोर्सचे क्रेडिट पुढे डिप्लोमा-डिग्रीत धरले जातील हे आधी लेखी करून घ्या. नाहीतर पोरगं सर्टिफिकेट घेऊन बोळाच्या टोकाला उभं, पुढे भिंत.

मागच्या_बाकावरचा:
सगळे फुग्यावर तुटून पडलेत म्हणून मी शोची बाजू घेतो. विजेवरच्या शोधांसाठी ओळखला जाणारा शास्त्रज्ञ फॅरेडे आधी कोण होता? बुक बाइंडरकडे उमेदवारी करणारा पोरगा. १८१२ मध्ये कोणीतरी त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली, त्याने टिपणं काढली, स्वतः बांधून डेव्हीला पाठवली, पुढचं सगळ्यांना माहितीये. मग त्याच फॅरेडेने तिथे १८२५ मध्ये मुलांसाठी ख्रिसमस लेक्चर्स सुरू केली, ती आजही चालतात. उगाच नाही. एखाद्या पोराला एक तासच पुरतो, कोणत्या पोराला ते आपल्याला आधी कळत नाही एवढंच.

जुना_गाडीवाला:
अरे पण तुझ्याच गोष्टीतलं मधलं वाक्य तू खाल्लंस. टिपणं पाठवल्यावर लगेच काही झालं नाही. १८१३ मध्ये डेव्हीच्या लॅबमधली असिस्टंटची जागा रिकामी झाली, म्हणून फॅरेडे आत गेला. व्याख्यान चांगलं होतंच, पण त्या इमारतीत त्याच्यासाठी एक खुर्ची होती. आम्ही नऊ वर्षं नुसती तिकिटं वाटली.

मागच्या_बाकावरचा:
बरं बाबा, हे मान्य.

कॅल्क्युलस_पीडित:
थोडं विषयाच्या कडेने जातोय पण आत आलेली पोरं टिकतात का हेही आउटरीचमध्येच धरा. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात गणितातल्या यूरी ट्राइसमनने बघितलं, शाळेत उत्तम मार्क असलेले कृष्णवर्णीय विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये गळत होते. तिथले प्राध्यापक म्हणायचे तयारी कच्ची, घरून पाठिंबा नाही, जिद्द नाही. हा माणूस पोरांबरोबर जाऊन बसला तर दिसलं की अभ्यास भरपूर करतात, पण एकटे. चिनी वंशाची मुलं एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत होती. मग त्याने वर्कशॉप सुरू केलं, आणि त्यात सोपी उजळणी नव्हती, उलट जास्त अवघड गणितं, गटात सोडवायची. निकाल पार बदलला. 'कच्च्या मुलांसाठी जादा तास' अशी पाटी लावली असती तर मी तरी गेलो नसतो.

नवी_समन्वयक:
बाप रे, एका दिवसात एवढं, मनापासून आभार. काल रात्री सगळं परत वाचलं आणि माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पोस्टमधून मिळालं असं वाटतंय, चुकत असेन तर सांगा. वर्कशॉपवाले सर म्हणतात ती भिंतीवर चिठ्ठ्या लावणारी माणसं, त्यांनाच मग शाळेत घेऊन जायचं, एकदा नाही, दर महिन्याला त्याच शाळेत. म्हणजे गाडीवाल्यांची मावशी, पण आपण शोधून आणलेली. म्हणजे दोन्ही कामं एकाच विभागात असली तरी चालेल, असायलाच हवीत कदाचित.

टीचर, पहिल्या वर्षी बाराच शाळा घेते, खोका आणि शिक्षकांचे दोन दिवस आधी, मुलं नंतर. विद्यार्थी-तासांचं गणित सोमवारच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे, पोटात गोळा आलाय. वर्कशॉपवाले सर, ते दोन दिवस चालवायला माणूस आमच्या डिपार्टमेंटचा चालेल का?

वर्कशॉपवाला:
नको, विषय माहिती असलेला माणूस मध्ये मध्ये शिकवायला लागतो. ज्याला त्या कामातलं ओ की ठो कळत नाही पण प्रश्न विचारायला लाजत नाही असा कोणीतरी बघा. लांब भिंत असलेली खोली घ्या, आणि मॅनेजर लोक जरा बघून जातो म्हणून डोकावतील, त्यांना दारातच थांबवायचं काम तुमचं.

फळा_आणि_खडू:
बारा शाळांत आमची धरा. येताना हॉल मागू नका फक्त.