'टर्न' आणि 'रोटेट', दोन्हींना 'फिरवणे' चालेल का?

विचारणा: एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी पायमॉलची (रेणूंच्या त्रिमितीय रचना पडद्यावर दाखवणाऱ्या संगणक प्रणालीची) मराठी टिपणे तयार करते आहे. या दोन्ही आज्ञांना मी 'फिरवणे' लिहिले होते, पण मुलांचा गोंधळ होतो. काय लिहावे?

उत्तर: गोंधळ होणारच, कारण पडद्यावर दोन्ही वेळा रेणूच फिरलेला दिसतो. 'टर्न'मध्ये फिरतो तो कॅमेरा, अणूंचे निर्देशांक (त्यांची जागा सांगणारे आकडे) आहेत तसेच राहतात. 'रोटेट'ला अणू निवडून दिले की त्यांचे निर्देशांकच बदलतात. एचआयव्ही विषाणूच्या प्रोटीएझ या प्रथिनाची, 1एचएसजी या संकेताची रचना उघडा. तिच्यातल्या प्रथिनाच्या दोन साखळ्या तेवढ्या निवडून, त्या निवडीचे नाव जोडून 'रोटेट वाय, 90' (वाय अक्षाभोवती 90 अंश) द्या. खोबणीत बसलेले इंडिनाविर हे औषध जागचे हलत नाही, प्रथिन मात्र त्याच्याभोवती वळून बसते. मग साखळीत 25व्या स्थानावर असलेल्या अ‍ॅस्पार्टेट या अमिनो आम्लापासून औषधापर्यंतचे अंतर मोजण्यात काही अर्थ उरत नाही, आणि फाइल सेव्ह केली तर ही मोडतोड तिच्यातही जाते. म्हणून माझ्या मते 'टर्न' म्हणजे 'दृश्य फिरवणे' आणि 'रोटेट' म्हणजे 'अणू फिरवणे'. तसेच 'मूव्ह'ला 'दृश्य सरकवणे', 'ट्रान्सलेट'ला 'अणू सरकवणे'.

दुसरे मत: भूगोलातले परिवलन आणि परिभ्रमण का नको? कॅमेरा रेणूभोवती फिरतो, म्हणजे परिभ्रमणच झाले.

उत्तर: वर्गात समजावताना जरूर सांगा, टिपणात नको. कॅमेरा रेणूच्याच मध्याभोवती फिरेल असे नाही. 'ओरिजिन' ही आज्ञा वापरून फिरण्याचा बिंदू औषधावर नेता येतो.

विचारणा: मग 'ओरिजिन' आणि 'सेंटर' दोन्हींना 'केंद्र' लिहिले ते बदलायला हवे?

उत्तर: हो, बदलाच. 'सेंटर' निवडलेला भाग खिडकीच्या मधोमध आणते आणि फिरण्याचा बिंदूही तिथेच नेते. 'ओरिजिन' फक्त तो बिंदू हलवते, चित्र हलत नाही. 'मध्यावर आणणे' आणि 'फिरण्याचा बिंदू ठरवणे' असे लिहा, लांब झाले तरी हरकत नाही. 'क्लिप'ला 'कापणे' लिहिले असेल तर तेही काढा. अणू कापले जात नाहीत, पुढच्या आणि मागच्या प्रतलांच्या बाहेरचे दिसेनासे होतात, एवढेच.

सध्याचे दृश्य आकड्यांत देणाऱ्या 'गेट व्ह्यू'साठी 'दृश्याची नोंद' चांगले वाटते. तिच्यात 18 आकडे येतात: 9 फिरवण्याचे, 3 कॅमेऱ्याच्या जागेचे, 3 फिरण्याच्या बिंदूचे, 2 त्या प्रतलांच्या अंतरांचे आणि शेवटचा दृष्टिक्षेत्राचा. अणूंचे निर्देशांक त्यात नसतात. त्यामुळे 'रोटेट'ने हललेले अणू 'सेट व्ह्यू' (नोंदवलेले दृश्य परत आणणारी आज्ञा) देऊन जागेवर येत नाहीत, हे टिपणात ठळक अक्षरांत टाका.