टॅबची ऑर्डर ठेवायची की कॅन्सल करायची? – आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, मुलुंड पूर्व

बी-४०२: नमस्कार सगळ्यांना, आपण सहा घरांनी मिळून जे टॅब बुक केलेत त्यातला पहिला पीस काल संध्याकाळी माझ्याकडे आला, मुलीची अकरावी सुरू होतेय म्हणून मी आधी मागवून घेतला होता. चालू केला, सगळं छान, स्क्रीन मस्त, आवाज मस्त, पण उभा धरला की डाव्या कडेला काच जरा वर आलेली हाताला लागते. अंगठ्याने दाबली की टिक आवाज येतो आणि सोडली की परत वर. डोळ्याला पटकन दिसत नाही पण नख अडकतं. बाकी पाच जणांनी उद्या दुपारी १२ पर्यंत दुकानदाराला फायनल सांगायचंय म्हणून आत्ताच कळवतेय

बी-२०२: बापरे. मग कॅन्सलच करूया ना सगळ्यांचे. कोऱ्या करकरीत वस्तूत असं कसं

ए-३०४: थांबा जरा, लगेच कॅन्सल नको. वहिनी फोटो टाका ना

बी-४०२: टाकला बघा ताई. नुसत्या फोटोत येत नव्हतं म्हणून बाजूने टॉर्च मारलाय, कडेला बारीक सावली पडलीय ना तीच

बी-२०२: आणि हा व्हिडिओ बघा, माझ्या भावाने पाठवलाय, तो माणूस स्पष्ट सांगतोय घेऊच नका म्हणून

ए-६०३: वहिनी तो व्हिडिओ आपल्या मॉडेलचा नाहीये, आयपॅड मिनीचा आहे, २०२१ चा. त्यात स्क्रोल करताना एका बाजूची अक्षरं दुसऱ्या बाजूपेक्षा किंचित मागे राहतात, सगळं जेलीसारखं हलल्यासारखं वाटतं, ॲपलने तेव्हा सांगितलं की एलसीडी स्क्रीनमध्ये हे नॉर्मल आहे. काही जणांना ते पहिल्या मिनिटाला खटकलं आणि काहींना दाखवून दिलं तरी दिसलं नाही. आपल्या टॅबशी त्याचा काही संबंध नाही

ए-६०३: आणि ४०२ वहिनींसारखीच तक्रार २०१२ मध्ये गूगलच्या नेक्सस ७ ची होती, असूसने बनवलेला, अमेरिकेत १९९ डॉलरपासून. त्यातल्या बऱ्याच पीसमध्ये डावीकडचीच काच वर आलेली असायची, लोक मागचं झाकण काढून आतले स्क्रू आवळायचे की बसायची. तरी तो त्या काळातला लोकांचा एकदम आवडता टॅब होता, कारण तेवढ्या पैशात तसं दुसरं काही मिळतच नव्हतं. म्हणून म्हणतो एका पीसवरून आख्खं मॉडेल बाद करू नका

बी-२०२: तुझं बरोबर असेल रे पण स्क्रू आवळायला मी कुठे जाऊ. आमच्याकडे एकच पगार आहे. साडेबावीस हजार मी दिवाळीपासून बाजूला काढलेत, मुलाला सांगून ठेवलंय की पुढची तीन वर्षं हाच वापरायचा, दुसरा मिळणार नाही. त्यात मला थोडासाही दोष नकोय

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ टाकी साफ करणार आहेत, पाणी भरून ठेवा 🙏

सी-१०१ काका: आत्ता बघितलं सगळं. ४०२, अगं एक काम कर, तो टॅब चार्जिंगला असेल तर आधी काढ. मग बंद कर आणि तुमच्या त्या काचेच्या टीपॉयवर पाठ खाली करून ठेव. एका कोपऱ्याला बोटाने ढकल, भोवऱ्यासारखा फिरला किंवा डुगडुगला तर पाठ फुगलीय असं समज, मग परत प्लगला लावूच नकोस. सपाट बसला तर वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घेऊन फटीत किती जाते बघ आणि मला सांग

बी-४०२: काका सपाट बसलाय, डुगडुगत नाहीये. गरम पण नाही. लग्नपत्रिकेचा जाड कागद जात नाही पण पेपरची पट्टी करंगळीच्या नखाएवढी आत जाते, फक्त मधल्या भागात, वर-खाली जात नाही

सी-१०१ काका: छान. म्हणजे बॅटरीचं भय तूर्तास नाही. मी जेवून वर येतो, हातात घेऊन बघतो

ए-३०४: काका तुम्ही बघितलंत की आम्हाला पण सांगा, माझाही जीव टांगणीला लागलाय, बाबांसाठी घेतेय मी

सी-१०१ काका: वर जाऊन आलो. जरा सविस्तर लिहितो कारण सहा घरांचे पैसे आहेत. मी सव्वीस वर्षं लॅमिंग्टन रोडला रिपेअरिंगच्या टेबलावर काढली, आधी टीव्ही मग मोबाईल मग टॅब. माझ्याकडे माणूस वस्तू घेऊन आला की मी आधी एवढंच विचारायचो, हे पहिल्या दिवसापासून आहे तेवढंच आहे की वाढतंय? जे आहे तेवढंच राहतं त्याच्याशी माणूस जमवून घेऊ शकतो. जे वाढतं ते आज केसाएवढं असलं तरी किरकोळ नाही. अंधारात काळी स्क्रीन लावली की कोपऱ्यात थोडा उजेड झिरपतो, ते फ्रेमचा दाब सगळीकडे सारखा नसल्यामुळे, बहुतेक एलसीडीत थोडंफार असतंच आणि ते बहुधा वाढत नाही. चार्जिंगला लावून मेटलच्या पाठीवर हात फिरवला की झिणझिण्या येतात, लोक घाबरून माझ्याकडे यायचे, तो दोन पिनच्या चार्जरमधल्या फिल्टर कपॅसिटरमधून येणारा अगदी बारीक करंट, चार्जर ओरिजिनल असेल तर त्याने काही होत नाही. पण काच उचललेली, चार्जिंगचा पोर्ट ढिला, पाठ फुगलेली, स्क्रीन तापली की थरथरते, ही सगळी वाढणारी दुखणी

ए-६०३: काका थरथरण्यावरून आठवलं, मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो ४ चं तेच झालं होतं. २०१५ चा टॅब, स्क्रीन तापली की फ्लिकर व्हायची, लोक ती थंड करायला फ्रीजरमध्ये ठेवायचे. शेवटी २०१८ मध्ये कंपनीने खरेदीपासून तीन वर्षांपर्यंत फुकट बदलून द्यायचं कबूल केलं. आणि एनव्हिडियाने २०१५ च्या जुलैमध्ये शील्ड टॅब परत मागवले, बॅटरी तापून आग लागायची भीती होती

सी-१०१ काका: बघा. तर हा ४०२ चा पीस. डावीकडची चिकटपट्टी मधे नीट बसलेली नाही असं मला दिसतंय. हा टॅब नुसता घरात स्टँडवर राहणार असता तर मी म्हटलं असतं दोन महिने बघ. पण तिची मुलगी सकाळी मुलुंडहून गर्दीच्या लोकलने जाणार, पाठीवरच्या बॅगेत टॅब, त्यावर चार माणसांचा दाब, आणि पुढे आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, ती ओल नखाएवढ्या फटीतून आत जाणार नाही का? आधी धूळ जाते, मग काचेखाली ठिपके दिसायला लागतात, मग एका पट्ट्यात टच जातो, आणि तोपर्यंत वॉरंटी संपलेली. हा पीस ठेवू नकोस, बदलून घे. मात्र मॉडेलला मी नाव ठेवणार नाही, बाकी बांधणी चांगली आहे, पोर्ट घट्ट आहे, बटणं घट्ट आहेत

बी-४०२: काका खूप आभार. मी मगाशी दुकानदाराला फोन केला होता, तो म्हणाला मॅडम एवढं तर सगळ्यांनाच असतं, कव्हर घाला, दबून जाईल. मला इतकं वाईट वाटलं, मीच किरकिर करतेय असं वाटायला लागलं

सी-५०३ काकू: अजिबात किरकिर नाही ही! मी बारा वर्षं ग्राहक पंचायतीचं काम केलंय, विलेपार्ल्याला ग्राहक भवनात जायचे, तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हेच वाक्य घेऊन यायचा, ते म्हणतात एवढं तर असतंच. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, २० जुलै २०२० पासून लागू झालाय, त्यात वस्तूतल्या दोषाची व्याख्या वाचा, विक्रेत्याने जो दर्जा सांगून विकलं त्यात कुठलीही खोट, अपूर्णता किंवा उणीव म्हणजे दोष. मोठा की लहान असं त्यात म्हटलेलं नाही. तू कोरा टॅब म्हणून पूर्ण पैसे मोजलेस, सूट घेऊन खोटीचा पीस घेतला नाहीस

सी-५०३ काकू: आत्ता एवढं कर. काच दाबतानाचा टिक आवाजाचा व्हिडिओ काढ, त्यात खोक्यावरचा सिरियल नंबर दिसू दे. दुकानदाराला फोन नको, लेखी मेसेज कर, बिलाचा फोटो जोड, आणि उद्याच सर्व्हिस सेंटरला नेऊन जॉबशीट घे, त्यावर तुझ्या शब्दात तक्रार लिहून घे, तो स्वतःच्या शब्दात नो प्रॉब्लेम फाउंड लिहितो ते चालवून घेऊ नकोस. दुकानदाराने हात वर केले तर १९१५ ला फोन लाव, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानेही नाही झालं तर जिल्हा आयोगात तक्रार ऑनलाइन करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, दोन वर्षांची मुदत असते. पण बहुतेक वेळा लेखी मेसेजवरच काम होतं

बी-२०२: काकू हे मला माहीतच नव्हतं

ए-३०४: मग बाकीच्या पाचांचं काय ठरवायचं? मला वाटतं ऑर्डर ठेवूया पण खोकी घरी नको, शनिवारी सगळे दुकानात जाऊ आणि काउंटरवरच उघडू. काका तुम्ही याल का

सी-१०१ काका: येतो की. कागदाची पट्टी मी आणतो. पूर्ण पांढरी, पूर्ण काळी, लाल, हिरवी, निळी अशी चित्रं मोबाईलमध्ये घेऊन या, ती एकेक करून स्क्रीनवर लावायची. चार बोटांनी आख्ख्या स्क्रीनवर एकदा हात फिरवायचा, कुठे तुटतंय का बघायचं. चार्जर लावून पोर्ट हलवायचा. पाच मिनिटांचं काम आहे

ए-६०३: एक सांगू का, २०१८ च्या आयपॅड प्रोचे काही पीस खोक्यातूनच किंचित वाकलेले निघाले होते आणि कंपनीने सांगितलं की ४०० मायक्रॉनपर्यंतचा फरक आमच्या नियमात बसतो, चार कागदांच्या जाडीपेक्षा कमी. म्हणजे आपल्याला खटकलं तरी त्यांच्या लेखी तो पीस पासच. आपण आपलं बघून घेतलेलं बरं

बी-२०२: मी खूप विचार केला. मी माझी ऑर्डर काढून घेतेय, कुणी राग मानू नका. तुम्ही सगळे समजावताय ते पटतंय पण मुलगा तो टॅब हातात घेईल तेव्हा दरवेळी माझं लक्ष त्या कडेला जाईल. मला तसं नकोय

सी-१०१ काका: अगं राग कसला. साडेबावीस हजार घालून रोज मनाला घोर लावून घ्यायचा असेल तर तो टॅब तुझ्यासाठी चुकीचाच. दुसरा बघायला जाशील तेव्हा मला हाक मार, मी येईन सोबत

शनिवार

बी-४०२: लेखी मेसेज आणि जॉबशीट दाखवल्यावर दुकानदाराने पाच मिनिटांत कबूल केलं, काकूंचे शब्द खरे झाले. नवीन पीस काउंटरवर उघडला. काकांनी चारही बाजूंनी पट्टी लावून बघितली, कुठेच आत गेली नाही. मुलगी आत्ता त्यावर फिजिक्सचं लेक्चर बघतेय

ए-६०३: माझा पण ओके. काळ्या स्क्रीनवर खालच्या कोपऱ्यात थोडा उजेड आहे पण मी अंधारात सिनेमे बघत नाही, ठेवला

ए-३०४: माझ्यात पांढऱ्या स्क्रीनवर मध्याच्या जरा वर एक काळा ठिपका निघाला, खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान. काका म्हणाले हा वाढत नाही, १९२० बाय १२०० म्हणजे २३ लाख ४ हजार ठिपके असतात, त्यातला एक मेला. दुकानदार म्हणाला एका ठिपक्याला कंपनी सहज बदलून देत नाही, पण सात दिवसांत आणलात तर मी बघतो. मला खरंच काही वाटलं नाही म्हणून घेऊन आले

ए-३०४: पण आत्ता जे झालं ते सांगते. बाबांना हरिपाठ मोठ्या अक्षरात लावून दिला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून पुस्तकातली अक्षरं त्यांना जमत नाहीत. खूप खूश झाले. दोन ओळी वाचल्या आणि पंचाच्या टोकाने स्क्रीन पुसली. परत दोन ओळी, परत पुसली. मला वाटलं घामाचे हात आहेत. तिसऱ्यांदा पुसल्यावर मला म्हणाले, इथे मात्रा आहे की अनुस्वार गं, कळत नाहीये. तो ठिपका बरोबर अक्षराच्या डोक्यावर येत होता

सी-१०१ काका: अरेरे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, चूक माझी. चल आत्ताच, नऊला बंद करतो तो

ए-३०४: खाली येते काका, खोकं आणि बिल घेऊन, दोन मिनिटं

सी-५०३ काकू: आधी मेसेज टाक त्याला मग निघ