खानदेशच्या जुन्या नकाशाचे साल कसे ओळखावे?

अमळनेरवासी:
आजोबांच्या लोखंडी पेटीत कापडावर चिकटवलेला, घडीचा एक इंग्रजी नकाशा सापडला. साल असलेला कोपरा कसरीने खाल्ला आहे. 'खानदेश'चे स्पेलिंग 'सी'पासून सुरू होते. थाळनेर ठळक अक्षरांत आहे, धुळे मात्र भिंगाशिवाय वाचता येत नाही आणि भुसावळ तर सापडतच नाही. सातपुडा केसाळ सुरवंटांच्या रांगेसारखा दिसतो. या नकाशा काढणाऱ्याच्या चुका समजाव्यात का?

जुनेकागद:
दादा, यांतले बहुतेक काही चूक नाही. थाळनेर ही खानदेशच्या फारुकी राजवटीची सुरुवातीची राजधानी होती; धुळ्याला महत्त्व आले ते १८१८ नंतर, कॅप्टन ब्रिग्ज यांनी तेथे जिल्ह्याचे ठाणे केल्यावर. भुसावळ वाढले ते रेल्वेमुळे, म्हणजे १८६०च्या दशकापासून. मात्र एखादे गाव नाही एवढ्यावरून साल ठरवू नका, कारण तांब्याच्या पत्र्यावर एकदा कोरलेला नकाशा वर्षानुवर्षे छापला जाई आणि दुरुस्त्या सवडीने होत. सरहद्द अधिक बोलकी असते. मालेगाव, नांदगाव आणि बागलाण हे भाग १८६९ मध्ये नव्या नाशिक जिल्ह्यात गेले, तर १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. मालेगाव कोणत्या रंगात आहे, ते आधी पाहा.

तापीकाठ:
सुरवंट म्हणजे उताराच्या दिशेने आखलेल्या आखूड रेघा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, रुळण्यापूर्वी डोंगर असेच दाखवीत. चढ जितका उभा, तितक्या रेघा दाट. कडेच्या समासावरून बोट हलकेच फिरवा, पत्र्याच्या दाबाचा चौकोनी खोलगट ठसा जाणवला तर छपाई तांब्याच्या पत्र्याची असण्याची शक्यता मोठी. धुळ्याचे रेखांश आजच्या सुमारे ७४° ४७′ शी ताडून पाहा. रेखांश जिथून मोजले ती आरंभरेषा ग्रीनिचची आहे की अन्य कुठली, हे मात्र आधी तपासा. आणि कृपा करून फाटलेल्या घड्यांवर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. त्याने कागद कायमचा जातो.

अमळनेरवासी:
ठसा आहे, डाव्या कडेला स्पष्ट लागतो. मालेगाव खानदेशच्याच पिवळ्या पट्ट्यात आहे, पण रंग हाताने भरलेला दिसतो, कारण गिरणेजवळ कुंचला छापील ठिपक्यांच्या रेषेबाहेर गेला आहे.

जुनेकागद:
मग हा रंग बहुधा १८६९ पूर्वीच्या सरहद्दीप्रमाणे भरलेला आहे, आणि खालचे कोरीव काम त्याहूनही जुने असू शकते.

अमळनेरवासी:
भुसावळ शोधताना तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव सापडले, तेही धुळ्याहून मोठ्या अक्षरांत.