विषय: चेन नवी, तरी उडी मारते

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांसाठी कोल्हापुरात आईकडे आले आहे. भावाची २१ गिअरची जुनी सायकल घेऊन रोज सकाळी रंकाळ्याला जाते. चेन फार कुरकुरायची, म्हणून मागच्या आठवड्यात बदलून घेतली. मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, "ताई, नुसती चेन घालून भागायचं न्हाई, मागच्या फ्रीव्हीलचं दात खाल्ल्यात." (फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चक्रं.) मला वाटलं, खर्च वाढवून सांगतायत. आता जोर लावला की चेन 'खट्ट' करून दातावरून उडी मारते. काल पंचगंगेकडून गावात येतानाच्या चढावर पाय सटकला आणि गुडघा हँडलवर आपटला. हे दोनच गिअरना होतं, बाकीचे सुरळीत. आता सगळंच बदलायचं का? पुढचं, पेडलजवळचं दातेरी चेनव्हीलसुद्धा?

---

अगं, आधी गुडघा कसा आहे ते कळव.

मिस्त्रींनी खरं तेच सांगितलं होतं. चेन झिजते म्हणजे तिच्या पिना आणि पिनांभोवतीचा भाग झिजतो, आणि दोन पिनांमधलं अर्ध्या इंचाचं अंतर कणाकणाने वाढतं. अशी लांबलेली चेन दातांच्या बुडाशी बसत नाही, वर सरकून चालते आणि दातांनाही आपल्या मापाचं करून घेते. मग जुनी चेन आणि जुने दात एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून तुला इतके दिवस काही जाणवलं नाही. नव्या चेनचं माप बरोबर अर्धा इंच. खाल्लेल्या दातांत ती बसत नाही, सगळा जोर एक-दोन दातांवर येतो आणि ती वर चढून सुटते. रंकाळ्याच्या सपाट रस्त्यावर सायकल कायम त्याच दोन गिअरवर चालली असणार, म्हणून तेच गेले. चेनची एखादी कडी आखडली असती, तर सगळ्याच गिअरना ठरावीक अंतराने झटका बसला असता.

पुढच्या वेळी मोजून बदल. शिंप्याची टेप नको, स्टीलची पट्टी घे. चेन ताठ असू दे, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेव आणि तिथून पुढची २४ वी पीन बघ. नव्या चेनला ती बरोबर १२ इंचांवर येते. १/१६ इंच पुढे गेली की चेन बदलायची, तेव्हा फ्रीव्हील बहुधा वाचतं. १/८ इंच पुढे गेली असेल तर दोन्ही एकदमच. कुणी जुनी जोडी पार घसरेपर्यंत चालवतात आणि मग सगळं एकदम काढतात. बाजारात जायच्या सायकलीला तेही चालतं. तुला मात्र चढावर जायचं आहे, तू तसं करू नकोस.

चेनव्हीलला एवढ्यात हात लावू नकोस. त्याला दात जास्त, त्यामुळे झीज वाटली जाते. दात मांजराच्या नखासारखे एका बाजूला वाकले असतील, किंवा नवी चेन खालून सुटायच्या ऐवजी दातांना अडकून वर ओढली जात असेल, तरच बदल.

---

काका, मधेच विचारतो, माझी सायकल ११ गिअरची आहे, म्हणजे मागे ११ चक्रं. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, चेन गंजून जाते. मलाही हेच माप?

---

तुला १/१६ ही शेवटची हद्द. मागे ७-८ चक्रं असलेल्या सायकलची (वरची २१ गिअरची त्यातलीच) चेन थोडी पुढे गेली तरी निभावतं, तुझी नाही, आणि तुझी कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, चेनपेक्षा कितीतरी महाग. भिजून आलास की चेन पुसून कोरडी कर, चेनच्या प्रत्येक रोलरवर (पिनेभोवती फिरणाऱ्या नळीवर) एक थेंब तेल सोड आणि वरचं तेल पुसून टाक. वर राहिलेल्या तेलात धूळ बसली की ती कानशीसारखी दात खाते.

---

काका, गुडघा बरा आहे. काल मिस्त्रींकडे परत गेले आणि त्यांची माफी मागितली. त्यांनी फ्रीव्हील खोलून हातात दिलं. सगळ्यात मोठ्या चक्रावर अजून काळा रंग होता आणि दात चौकोनी. लहान दोन चक्रांचे दात मात्र टोकाला चाकूसारखे पातळ, एका बाजूला कललेले आणि चकचकीत. बोट फिरवलं तर कड लागली. चेनव्हीलवर त्यांनी नवी चेन बसवून पुढून बोटाने ओढून पाहिली, जेमतेम हलली. ते ठेवलं, फ्रीव्हील तेवढं नवं घातलं.

आज सकाळी पंचगंगेवरच्या शिवाजी पुलावरून केर्ली गावापर्यंत जाऊन आले. परत येताना त्याच चढाला उभी राहिले, त्याच गिअरवर, आणि चेन जागची हलली नाही. नवी चेन पट्टीने मोजली, २४ वी पीन बरोबर १२ इंचांवर. पट्टी आता सायकलच्या पिशवीतच ठेवली आहे, भावासाठी.