अनुभव धागा: वर्गात मागे बसून काय काय पाहिलंत?

माळावरची

भाची डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याच्या पदविकेच्या, पहिल्या वर्षाला आहे, सध्या जवळच्या झेडपी शाळेत पाठ निरीक्षणाला जातेय. काल फोनवर वैतागली होती, म्हणे मावशी, निरीक्षण वहीत सगळ्याजणी रोज तेच लिहितो. घटक, उद्दिष्टं, प्रस्तावना, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, मूल्यमापन, आणि खाली शेरा 'पाठ प्रभावी झाला'. आणि खरं जे दिसतं त्याला रकानाच नाही.

तर इथे डी.एड. म्हणा, डी.टी.एड. म्हणा, ज्या नावाच्या काळात केलं असेल त्या काळातले, जे कोणी सुरुवातीला वर्गात नुसते मागे बसून पाहत होते त्यांनी सांगा की रकान्यात न मावलेलं काय पाहिलं. शाळेचं, गुरुजी-बाईंचं नाव नको. बाकी ऐसपैस लिहा.

पाटीपेन्सिल

मी लिहिते आधी. सातारा जिल्हा, पहिलीचा वर्ग. आमच्या अध्यापकाचार्य, म्हणजे डी.एड. कॉलेजात शिकवणाऱ्या, बाईंनी निघताना एकच सांगितलं होतं, शिक्षिकेकडे फार बघू नका, एक मूल धरा आणि ते फळ्यावरून उतरवून घेताना मान किती वेळा वर करतं ते मोजा. मला वाटलं हे काय खूळ. पण बसले एका मुलीच्या शेजारी जमिनीवर, मांडी घालून.

बाईंनी फळ्यावर कमळ, घर, वजन असे शब्द लिहिलेले. या मुलीने आधी पूर्ण ओळभर शिरोरेषा मारून घेतली पट्टीने, आणि मग एकेक अक्षर त्याला खालून टांगायला लागली. 'क' काढताना मान वर, काना झाला, मान वर, डावीकडचा गोल झाला, परत वर, मग उजवीकडची शेपटी. म्हणजे एका 'क'साठी तीनदा. ती अक्षर लिहीतच नव्हती हो, चित्र काढत होती. वहीत मात्र अक्षर इतकं सुबक की बाईंनी 'छान' आणि चांदणी दिली! शेजारचा पोरगा एकदा फळा बघायचा, ओठात 'कमळ' पुटपुटायचा आणि गचाळ अक्षरात लिहून मोकळा, त्याला 'अक्षर सुधारा'. वाचता त्याला येत होतं, तिला नाही, आणि दोघांच्या वह्या समोर ठेवल्या तर कोणीही उलटं सांगेल.

पुढे आंतरवासितेला, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावाला, तीच शाळा मिळाली तेव्हा तिला परत पाहिलं. शिरोरेषा अजून आधीच मारत होती, पण मान आता शब्दाला एकदाच वर होत होती.

खडूचा_चुरा

@पाटीपेन्सिल हे मोजायचं मी आजही करतो आणि आता मीच मार्गदर्शक शिक्षक आहे. जबरी.

दोनशिक्षकी

आमच्याकडे कसलं एक मूल धरताय, एक वर्ग धरता येत नव्हता. दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, दोन खोल्या. लोकांना वाटतं हे काहीतरी बेकायदा आहे, तर तसं नाही, आरटीई २००९, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पोरांपर्यंत दोनच शिक्षक धरलेत. पट ६० का असेना नाहीतर १८, इयत्ता चारच्या चारच राहतात ना.

तर गुरुजी तिसरीला भूगोल घेताहेत, तेवढ्यात चौथीला उदाहरणं दिलीत फळ्याच्या उजव्या अर्ध्या भागावर. मधेच फोन, केंद्रशाळेतून कसलीतरी माहिती आजच्या आज भरून पाठवा, मग गुरुजी दारात उभे राहून मोबाईलवर ते भरताहेत, एकीकडे खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा आहे, आणि वर्ग चाललाय! कोण चालवतंय तर चौथीतली एक मुलगी, हातात छडी नाही काही नाही, नुसतं नाव घेते आणि पोरं गप्प. तिच्या स्वतःच्या उदाहरणांचं काय झालं ते कोणी विचारलं नाही.

आणि एक तिसरीतला पोरगा. त्याला तिसरीचं काही विचारलं की ढिम्म. मला वाटलं कच्चा असेल. मग लक्षात आलं की त्याचे कान अख्खा वेळ चौथीकडे असतात, चौथीचा प्रश्न आला की हा हळूच उत्तर देतो, बरोबर देतो, पण ते मोजायला कोणाकडे कुठली वही असणार. पुढच्या वर्षी चौथीत गेल्यावर बहुतेक कंटाळला असेल बिचारा.

गावठाण

खिचडीचा तांदूळ 😀 आमच्याकडे ताटल्या धुतल्याचा आवाज आला की पाठाचा 'उपयोजन' हा टप्पा आपोआप रद्द व्हायचा.

सातपुड्याकडची

नंदुरबार, अक्राणीच्या बाजूला. घरात पावरी बोलणारी पोरं. पहिलीच्या वर्गात सर चित्र दाखवून विचारायचे, हे काय आहे, सांगा बरं. शांतता. वहीत मी लिहिलं, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प'. बसल्या बसल्या कंटाळा यायचा खरं सांगायचं तर. मग एकदा पोषण आहार शिजवणाऱ्या काकू काहीतरी विचारायला दारात आल्या, त्यांनी ते चित्र पाहिलं, पावरीत काहीतरी बोलल्या आणि वर्ग जो सुटलाय! सगळी एकदम बोलायला लागली, एकजण उठून अभिनय करून दाखवतोय, ज्या मुलीचा आवाजच मी ऐकला नव्हता ती दुसऱ्याला दुरुस्त करतेय. चित्र शेतातल्या नांगराचं होतं, यांच्या घरी असलेल्या नांगरापेक्षा वेगळं होतं म्हणून भांडण लागलं होतं, हे मला काकूंनी नंतर मराठीत सांगितलं.

सर चांगले होते, त्यांनी मग काकूंना रोज थोडा वेळ बसवून घ्यायला सुरुवात केली. कागदावर कुठे नाही हे.

मांडवीकाठ

गोव्यातली शाळा, डिचोली तालुका, मराठी माध्यम. आमच्या बाई पुस्तक मराठीतून वाचायच्या, समजावायच्या कोंकणीतून आणि रागवायच्या पण कोंकणीतूनच. पोरांनी वहीत उत्तर मराठीत. मला वाटलं परीक्षकांना चालणार नाही, म्हणून पाठाच्या दिवशी सगळं शुद्ध मराठीत केलं तर पोरं माझ्याकडे पाहुणी आल्यासारखी बघत बसली. वरच्या नंदुरबारच्या अनुभवावरून आठवलं.

एकोणचाळीस

मी दुसरीचं गणित पाहत होतो. सर संख्या सांगताहेत, पोरं पाटीवर लिहिताहेत. 'सत्तावीस' म्हटलं की एका पोराने आधी ७ लिहिला. मग २. झाले ७२. सरांनी खोडायला लावलं. मी मागून बघत होतो ना, तो चुकत नव्हता, जसं ऐकू येईल तसं लिहीत होता, आधी सात ऐकू आला, मग वीस. 'एकोणतीस'ला तर आणखी मजा, अर्ध्या वर्गाने ३ काढला आणि पेन्सिल हवेत, पुढे काय.

२०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा व्हॉट्सॲपवर काय काय जोक फिरले, विधानसभेपर्यंत टिंगल गेली, पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे लहान मुलं अडखळतात, कोण ऐकतंय. मला तेव्हा तो ७२ वाला पोरगा डोळ्यासमोर. जोक करणाऱ्यातल्या किती जणांनी पाटीवर आकडा उमटताना पाहिला असेल?

माळावरची

@एकोणचाळीस पण बाजारात भाजीवाला 'वीस सात' म्हणणार नाही ना. आजीच्या तोंडचे आकडे पोराला कळायला नकोत का?

एकोणचाळीस

कळायला हवेतच की. त्या पुस्तकातही जुनं वाचन काढून टाकलेलं नव्हतं, सत्तावीसही होतं, वीस सातही. शिक्षकाने कुठून सुरू करायचं एवढाच प्रश्न होता. असो, धागा भरकटेल.

जुना_गुरुजी

आमच्या वेळचं सांगतो, बारावीनंतर डी.एड. केलं की नोकरी असा काळ. १९८७ ला खडू-फळा योजना आली, म्हणजे केंद्राची ऑपरेशन ब्लॅकबोर्ड, त्यातून शाळांना गणिताची पेटी, विज्ञानाची पेटी, नकाशे, खेळाचं साहित्य आलं. निरीक्षणाला गेलो त्या शाळेत ही पेटी होती, लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या जानव्याला म्हटलं तरी चालेल. विचारलं तर म्हणाले, बाबा रे, डेडस्टॉक रजिस्टरला, शाळेच्या वस्तूंच्या वहीत, नोंद आहे, भिंग फुटलं तर माझ्या पगारातून जाईल. बरं माणूस वाईट नव्हता. आधीच्या शाळेत तपासणीत एक तराजू सापडला नाही म्हणून पत्रव्यवहार भोगून आलेला.

मधल्या सुट्टीत पोरं त्या कपाटाच्या फटीतून आत बघायची. आत लोहचुंबक आहे हे सगळ्यांना माहीत होतं. एकाने बाहेरून पत्र्याला टाचणी चिकटते का हे करून पाहिलेलं मी बघितलं. आता प्रयोग म्हणजे आणखी काय असतो.

मधली_सुट्टी

छोटंसंच. परिपाठाला माईकवर प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष सांगणारी पोरं पहावीत आणि त्याच्या आधी पटांगण झाडणारी पहावीत. माईकवर मुलगे-मुली दोन्ही, झाडूला फक्त मुली. टाकीवरून पाण्याचा ड्रम आणायला मुलगे. कोणी सांगितलेलं नव्हतं, आपोआप उठायची. आमच्या ग्रुपमधल्या एकीने नुसतं विचारलं 'आज मुलांनी झाडलं तर?' तर मुलीच म्हणाल्या, त्यांना नीट येत नाही बाई.

ऊसपट्टा

बीड. दिवाळीच्या सुट्टीनंतर निरीक्षण सुरू झालं आमचं, आणि हजेरीला बाई नाव घ्यायच्या, पोरं एकसुरात 'कारखान्याला गेली', म्हणजे आईबापांबरोबर ऊसतोडीला. परत नाव, 'कारखान्याला'. काही आजीजवळ राहिलेली, काही हंगामी वसतिगृहात, बाकी फडावर. बाई प्रत्येकाच्या नावापुढे पेन्सिलने लिहून ठेवायच्या की कुठल्या धड्यापर्यंत झालंय, कारण मार्च-एप्रिलमध्ये परत आली की तिथून उचलायचं. आम्हाला बी.एड.-डी.एड.ला नियोजन म्हणून जे शिकवतात त्यात हे कुठल्या कोष्टकात बसतं सांगा.

खडूचा_चुरा

आता दुसरी बाजू पण सांगू द्या. तुम्ही लोक येता तेव्हा आम्हीही तुम्हाला बघत असतो 😀 छात्राध्यापक येणार म्हटलं की काही शाळांत हुशार पोरं पुढे, बाकी खांबाआड. गणवेशाच्या साड्या नेसून सातआठ पोरी भिंतीशी वह्या घेऊन बसल्या की वर्ग वर्ग राहत नाही, पोरं शाळा-शाळा खेळायला लागतात. आणि सराव पाठ सुरू झाले की विचारूच नका. एकीने छान प्रस्तावना केली, कोडं घातलं, 'ओळखा पाहू आज आपण काय शिकणार?' एक पोट्टा म्हणाला, पाण्याची रूपं, बर्फ तुमच्या डब्यात आहे, काल त्या दुसऱ्या बाईंनी पण आणला होता. परीक्षक म्हणाले, विद्यार्थ्यांचे पूर्वज्ञान उत्तम.

गावठाण

😂😂 मेलो.

नकाशावाली

भाचीला माझ्याकडून एक. मागे बसू नकोस, मागून फक्त डोकी दिसतात. बाजूच्या भिंतीशी, खिडकीखाली बस, म्हणजे तोंडं दिसतील. आणि वहीच्या शेवटच्या पानावर वर्गाचा नकाशा काढ, एक पोरगं एक चौकोन. बाईंनी ज्याला प्रश्न विचारला त्या चौकोनात टिंब. नावं नसली तरी चालतात.

मी तिसरीच्या वर्गात हे केलं, पुणे मनपाची शाळा. तास संपला तेव्हा पुढच्या दोन रांगा आणि दाराजवळचा कोपरा टिंबांनी भरलेला, पंख्याखालच्या मधल्या पट्ट्यात थोडी, आणि मागच्या डाव्या बाजूला एकही नाही. बाई फळ्याच्या दाराकडच्या बाजूला उभ्या राहायच्या, बस, एवढंच कारण. भेदभाव वगैरे काही नाही. त्यांना दाखवावं की नाही याचा विचार करत होते तर त्यांनीच वही मागितली, 'बघू काय लिहिलंस', आणि शेवटचं पान उघडलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, यातला हा कोण, हा कोण, आणि टिंब नसलेल्या चौकोनांची नावं स्वतःच एकेक सांगायला लागल्या, एकाचं नाव पटकन आठवेना तर हजेरी काढली.

दुसऱ्या दिवशी जागा बदलतील असं मला वाटलेलं. जागा नाही बदलल्या, बाई बदलल्या. वाचन घ्यायला मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, बाई, आम्ही वळून बसायचं का? बाई म्हणाल्या, वळ.